सूर धरणारा विठू

तिसरीच्या वर्गाला हातच्याची वजाबाकी शिकवत होतो, तेव्हा कळसहून सायकलवर आलेला एक गडी आमच्या बारामतीच्या शाळेच्या फाटकाशी उतरला. आत या म्हटलं तर येईना, पाणी दिलं तर घेईना. असा निरोप घेऊन येणारा माणूस पाणी घेत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण माणूस अशा वेळी मुद्दाम मठ्ठ होतो. मी त्याला दोनदा विचारलं, पाऊसपाण्याचं बोललो, कांद्याचा भाव विचारला. शेवटी तोच म्हणाला, “इठूनाना गेलं, गुर्जी. सकाळच्या पारी.” मी वर्गात परत आलो. फळ्यावर बावन्नातून सतरा वजा करायचे राहिले होते. ते मी केले, मुलांना सोडलं आणि मग खुर्चीवर बसलो...

त्याला आज पाच आठवडे झाले. या पुरवणीत थोरामोठ्यांवर लिहून येतं, ते मीही वाचतो. विठू थोर नव्हता. कळसच्या वाजंत्र्यांच्या घरातला धाकटा मुलगा, वय चाळिशीच्या अलीकडं, गावच्या शिवेबाहेर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्याच्यावर लिहायचं कारण त्याच्यापेक्षा माझ्यात जास्त आहे. मी त्याच्याशी एक खोटं बोललो आणि ते सहा वर्षं तसंच ठेवलं. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं मित्रप्रेमाचं गोड गोड वाटेल, आणि गोड लिहिण्याचा मला मुळातच कंटाळा आहे.

आम्ही एकाच वर्गात होतो. म्हणजे मी वर्गात होतो आणि तो वर्गाच्या दारात; वाजंत्र्यांची मुलं तेव्हा दारातच बसत. दुसरीच्या पुढं तो आलाच नाही, त्यामुळं अक्षरं त्याला कायमची परकी राहिली. आमचं मळ्याचं घर, वांगी-मिरची पिकवणारं. त्यांचं घर आमच्या मळ्याच्या वाटेवर. येता-जाता मी पाहायचो, त्याचे वडील त्याला तांब्याभर पाण्यात पोकळ काडी घालून फुंकायला लावत. पाण्यातले बुडबुडे थांबता कामा नयेत, श्वास नाकानं घ्यायचा आणि त्याच वेळी गालातला वारा काडीतून सोडायचा, असा तो अभ्यास. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. थोरला भाऊ बाळाराम याला वडिलांनी सनई शिकवली, रागदारी शिकवली. विठूला फक्त सूर धरायला शिकवलं. सनईच्या ताफ्यात एकजण असा असतो, तो गाणं वाजवत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच स्वर न तोडता धरून बसतो; त्याच्या हातातल्या सनईसारख्या वाद्यालाही सूरच म्हणतात. मुख्य सनईवाला मध्येच थांबतो, श्वास घेतो, पान खातो, लोकांच्या वाहवा घेतो. सूरवाल्याला थांबता येत नाही. आणि त्याच्याकडं कुणी बघतही नाही. मी एकदा विठूला विचारलं होतं, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, “दादा त्याच्यावरच हुबा ऱ्हातो की.” एवढंच. तो मुळात कमी बोलायचा. मी मास्तर झालो त्या दिवसापासून त्यानं मला नावानं हाक मारणं सोडलं आणि “गुर्जी” म्हणायला लागला. मी रागावलो, चिडवलं, एकदा तर बोललोच नाही आठ दिवस. पण तो हटला नाही.

‘कळसकर बंधू सनई ताफा’ असं त्यांचं नाव होतं. इंदापुरापासून बारामतीपर्यंत लग्नसराईत त्यांची सुपारी आधी द्यावी लागे. त्रेपन्न-चौपन्नच्या सुमाराला बारामतीच्या एका कापडवाल्या शेठकडच्या लग्नात ते वाजवत होते. शेठचे मेहुणे आफ्रिकेत मोंबाशाला असत, तिथं त्यांचा मोठा व्यापार होता आणि ते भाचीच्या लग्नासाठी बोटीनं आले होते. त्यांनी बाळारामची सनई ऐकली आणि जेवणावरून उठून मांडवाच्या दाराशी येऊन उभे राहिले. चौथ्या दिवशी बाळाराम माझ्याकडं धावत आला, कारण बोलणं मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन भाषांत चाललं होतं आणि त्याला माणूस हवा होता. मोंबाशाचे शेठ म्हणाले, आमच्याकडं अक्षय्यतृतीयेला लग्नांची रांग लागते, क्लब आहेत, साहेब लोक येतात, वर्षभराचं काम देतो. पण सनई तिथं ग्रामोफोनवर मिळते. तिथं बँड पाहिजे. कोट-टोपी घातलेला, ट्रंपेट-क्लॅरिनेट वाजवणारा, आपली गाणी आणि साहेबाचीही गाणी वाजवणारा. आणि नाव असं पाहिजे, की पाटीवर शोभलं पाहिजे. कळस कुणाला ठाऊक? पूना म्हणा, पूना सगळ्यांना ठाऊक आहे.

नाव मी शोधलं. हेही सांगून टाकतो. शाळेतला इंग्रजी कोश घेऊन मी दोन दिवस बसलो होतो, आणि ‘दि ग्रेट डेक्कन मेलडी बँड, पूना’ असं नाव काढलं तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की मी ते वहीच्या मागच्या पानावर नऊ-दहा वेळा वळणदार अक्षरात लिहिलं. बारामतीत टांग्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून ते मोठ्या ढोलावर काढून घेतलं. विठूनं ढोलाभोवती फेरी मारली आणि विचारलं, “ह्यात आमचं नाव कुटं हाय, गुर्जी?” मी म्हणालो, आता हेच तुमचं नाव. तो म्हणाला, “बरं.” त्याच्या ‘बरं’ला काय म्हणायचं ते मला कधीच नीट कळलं नाही.

मग पुण्याहून एक बँडमास्तर आले. पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा टोकदार, स्वभाव त्याहून टोकदार. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या छपरात तालीम सुरू झाली. बाळारामनं क्लॅरिनेट उचललं आणि पंधरवड्यात ते त्याच्या हातात बोलायला लागलं. त्याची अक्कल तशीच होती. त्याच्या चुलतभावांनी ट्रंपेट, ढोल, झांजा घेतल्या. विठू आपला सूर घेऊन सवयीप्रमाणं बाळारामच्या डाव्या अंगाला बसला आणि धरला त्यानं सूर. मास्तरांनी काठी आपटली. “वो बंद करो.” थांबला. पुन्हा गाणं सुरू झालं, पुन्हा याचा सूर. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं असेल. चूक त्याची नव्हती. बँडच्या गाण्यात पायाचा स्वर मध्येच बदलतो, खाली जातो, वर येतो. आणि विठू तर एकाच ठिकाणी उभा. तो ज्यावर ताफा उभा करत आला होता, तेच आता सगळ्यांच्या पायात येत होतं. मास्तर चौथ्या वेळी नुसते बाळारामकडं बघत राहिले. बाळारामनं मान खाली घातली. विठूनं सूर फडक्यात गुंडाळला आणि त्या दिवसापासून तो तालमीला सगळ्यांसाठी पाणी आणायला लागला. तरी जाणार तो होताच, असं सगळे धरून चालले होते. झांजा वाजवेल, ढोल उचलेल, काहीतरी करेल. मोंबाशाहून पत्र आलं ते मीच वाचलं. शेठनं लिहिलं होतं, माणसं आठ. जे वाजवणारे तेच. नववा नको.

बाळारामला मी हे शाळेच्या पायरीवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ बोटांची नखं बघत बसला. मग म्हणाला, “तुमीच सांगा त्याला, गुर्जी. माझ्या तोंडातनं निघायचं न्हाय.” मी म्हणालो, सांगतो. त्या क्षणी मला खरंच वाटलं होतं, की मी सांगेन. त्याच आठवड्यात पासपोर्टचे अर्ज भरायचे होते. सगळे शाळेत जमले, अंगात उसने कोट, स्टुडिओत काढलेले फोटो खिशात. विठूही आला. त्याचाही फोटो होता, कोटाचं वरचं बटण लावलेलं, डोळे ताठ. सगळ्यांचे अर्ज भरून झाले; बाळाराम तर आपला अंगठा उठवून, विठूकडं न बघता आधीच निघून गेला होता. विठू पुढं बसला, मी कोरा अर्ज घेतला, त्याचं नाव विचारलं, जणू मला ठाऊक नव्हतं. वडिलांचं नाव विचारलं. जन्माचं गाव विचारलं. सगळं त्या कागदावर लिहिलं. आता सांगू, मग सांगू, असं चाललं होतं मनात, आणि बाकीचे सातजण दारात उभे राहून हसत होते... त्यांच्यादेखत कसं सांगणार? “झालं,” असं म्हणून मी तो कागद गठ्ठ्याखाली सारला. घरी गेल्यावर तो चुलीत घातला.

पुढच्या बाजारच्या दिवशी विठू माझ्या ओसरीवर आला. “माझा फारम गेला का, गुर्जी?” मी म्हणालो, गेला. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा आला. मी म्हणालो, मुंबईला पोचलाय. मग म्हणालो, साहेब रजेवर आहे. मग म्हणालो, बाकीच्यांचे आलेत, तुझ्या गावाच्या नावात काहीतरी घोळ झालाय, उलटटपाली विचारलंय. एकदा खोटं बोललं की पुढच्या खोट्याला वेगळं धाडस लागत नाही, पण वेगळा हिशेब लागतो. कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. बाळाराम भेटला की मला घाम फुटे, कारण तो समजून चालला होता की विठूला मी सांगितलंय आणि विठूनं मुकाट्यानं मानलंय. दोघं भाऊ एका घरात जेवत होते. कुठल्याही घासाला एकानं दुसऱ्याला विचारलं असतं, तर माझं सोंग उघडं पडलं असतं. रोज सकाळी उठलो की पहिला विचार तोच यायचा, आज कळलं असेल. बायकोनं विचारलं, तुम्हाला झोप का नाही? तिलाही मी खोटंच सांगितलं. शेवटी निघायच्या आदल्या बाजारी मी विठूला म्हणालो, तुझा पासपोर्ट मागून येईल, तू पुढच्या बोटीनं जाशील. तो म्हणाला, “बरं.”

ते चैत्राच्या सुरुवातीला निघाले. बारामतीच्या स्टेशनावर छोटी गाडी उभी होती, तिनं दौंड, तिथून मुंबई. कळसचे चाळीसएक लोक आले होते, ढोलाला हार घातला होता. विठूनं भावाची पेटी खांद्यावर घेतली, डब्यात चढवली, दोरी आवळून बांधली. मी खांबाला टेकून उभा होतो आणि माझं सगळं लक्ष त्या दोघांच्या तोंडांकडं. आता बोलतील... आता विचारेल, दादा, मी पुढच्या बोटीनं येतो. आणि बाळाराम म्हणेल, कुठली पुढची बोट? इंजिनानं शिट्टी दिली. बाळाराम खिडकीतून वाकला. मी दोन पावलं पुढं गेलो, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. तो म्हणाला, “इठू, पालखीचं बघ रं.” विठू म्हणाला, “बघतो.” गाडी सुटली. मी इतका सुटल्यासारखा झालो, की पालखीचं बघ म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरायला परतीची अर्धी वाट लागली.

कळसच्या भैरोबाची पालखी चैत्र वद्य अष्टमीला दुपारी निघते, ओढ्यावर देवाला आंघोळ घालते आणि दिवेलागणीच्या आत देवळात परत येते. पालखी खांद्यावर आहे तोवर मानकऱ्याच्या घरची वाजंत्री वाजत राहिली पाहिजे, मध्ये तुटता कामा नये. तुटली किंवा वाजलीच नाही, तर मान भाऊबंदांत पुढच्या घराकडं जातो. हा मान विठूच्या घराकडं चार पिढ्या होता. त्यांचे भाऊबंद शेळगावला, तुळशीराम त्यांचा म्होरक्या, चांगला सनईवाला. त्याच्या वडिलांचाही या मानावर डोळा होता. त्याला कळलं होतं, की ताफा दर्यापार गेलाय. बोटीची तारीख धरताना बाळारामनं अष्टमी बघितली नव्हती की बघून डोळेझाक केली होती, मला माहीत नाही. मी तर पंचांग उघडलंच नव्हतं. मी कोश उघडला होता.

अष्टमीला तुळशीराम सहा माणसं, दोन सनया, संबळ घेऊन देवळापुढं हजर. विठू एकटाच आला. धुतलेलं धोतर, डोक्याला जुना पटका, हातात सूर. संबळ नाही, सनई नाही. गावातले काही हसलेच. तुळशीराम पाटील आबांसमोर उभा राहिला. “ह्याला वाजीवनं म्हंत्यात व्हय, आबा? ह्यो नुस्ता सूर धरनार. गानं कुटं हाय?” आबा म्हणजे गावचे पाटील, वय सत्तरीच्या पुढं, एका डोळ्यानं अधू. त्यांनी विठूच्या हातातला सूर बघून घेतला. मग म्हणाले, “घरचं वाजलं पायजे आन तुटता कामा न्हाय, एवढाच रिवाज हाय. काय वाजीवायचं ते कुटं लिवलंय?” तुळशीराम म्हणाला, “बरं. पर तुटलं की आमी उचलनार.” आबा म्हणाले, “तुटलं की तुमी उचला.”

पालखी उचलली आणि विठूनं सूर धरला. पहिल्या गल्लीत पोरं त्याची नक्कल करत मागून चालली. कुणीतरी ओरडलं, “पुढं वाजीव की, नाना!” दर घरापुढं पालखी थांबायची, बायका पाणी घालायच्या, ओवाळायच्या, आणि त्या दिवशी मला तरी वाटलं, की ओवाळायला उगीच उशीर होतोय. एकच स्वर. वर नाही, खाली नाही. तुळशीराम त्याच्या उजव्या हाताला, सनई ओठाच्या चार बोटं अलीकडं धरून, कान लावून चालत होता. मी डाव्या हाताला. मी काय करणार होतो? मला वाजवता येत नाही. मी फक्त त्याचे गाल बघत होतो, नाकपुड्या बघत होतो. ओढ्यावर पालखी टेकली तेव्हा त्यानं सूर खाली केला. ओठ सुजले होते. मी पाणी पुढं केलं, त्यानं नुसती चूळ भरली.

परतीची वाट चढाची. सावल्या लांब झाल्या होत्या तरी ऊन खाली उतरलं नव्हतं. हसणारे केव्हाच गप्प झाले होते. देवळाच्या अलीकडं बाभळीपाशी त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायला लागला. दोन्ही हात सुरावर, पुसणार कसा? डोळे मिटून चालायला लागला तर ठेचकाळला, आणि स्वर थरथरला. तुळशीरामनं सनई ओठांना लावली... मी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याचं तोंड पुसलं. मागून कुणीतरी म्हणालं, “गुर्जी, जरा लांबनं.” मी कपाळ पुसलं, डोळे पुसले, मानेवरचा घाम पुसला, आणि दंडाला धरून त्याला पुढं चालवत राहिलो. दंड थरथरत होता, स्वर पुन्हा सरळ झाला होता. देवळाच्या पायऱ्या चढलो. पालखी आत गेली, टेकली, लोकांनी चांगभलं म्हटलं, तरी हा थांबेना. डोळे मिटलेलेच. शेवटी पाटील आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बास, इठू. देव बसला.” तेव्हा त्यानं सूर सोडला. तुळशीरामनं आपली सनई फडक्यात गुंडाळली आणि विठूपुढं हात जोडले. मला ते बघून रडू आलं, आणि मी चारचौघांत रडलो.

पुढं दरवर्षी तसंच झालं. तिकडं बँडचं नाव झालं. बाळारामची पत्रं यायची, फोटो यायचे. पांढरे कोट, सोनेरी बटणं, मध्ये तो ढोल आणि त्यावर माझ्या कोशातलं नाव. एका वर्षाची तीन झाली, तिनाची सहा झाली. ती पत्रं मीच विठूला वाचून दाखवायचो आणि उत्तरं मीच लिहायचो. फोटो तो बराच वेळ बघायचा आणि परत करायचा. त्या पहिल्या पालखीनंतर मात्र त्यानं फारमाचं विचारणं सोडलं. बाजारच्या दिवशी यायचा, ओसरीवर बसायचा, पण तो प्रश्न नाही. मला वाटलं, विसरला. सुटलो एकदाचा, असंही वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं तसंच लिहितोय.

गेल्या वर्षी त्याला छातीच्या दुखण्यानं धरलं. लोक म्हणाले फुंकून फुंकून झालं, डॉक्टर वेगळं काहीतरी म्हणाले. जायच्या पंधराएक दिवस आधी मी कळसला गेलो होतो. अंगणात बाजेवर पडला होता, उन्हाला. पारूवहिनी, त्याची बायको, आत भाकरी करत होत्या. मी इकडचं तिकडचं बोलत होतो, बाळारामला बोलावून घेऊ का म्हणून विचारत होतो. तो एकदम म्हणाला, “गुर्जी, माझा फारम तुमी धाडलाच न्हवता.”

मी बाजेची सुटलेली सुतळी ओढून बसवायला लागलो. 

“तवाच कळलं मला,” तो म्हणाला. “आठी जनांचा अंगठा घेतला तुमी. शाईची डबी मीच धरली हुती समद्यांपुढं. माझा घेतलाच न्हाय.”

श्वास लागत होता, तो थांबला. मी विचारलं, मग दर बाजारी का विचारत होतास? तो म्हणाला, “कवातरी सांगचाल म्हून.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “पालखीत तुमी माझं त्वांड पुसलं. त्याच्यामागं मंग इचारवंना. तुमचं त्वांड बघवंना.” एवढं बोलून त्यानं कूस बदलली. मी त्याच्या पायाशी बसून राहिलो. वहिनींनी भाकरी वाढली, ती मी खाल्ली. माफी मागायची होती. ती मागितली का, हे वाचणारा विचारेल. नाही मागितली. उद्या येतो म्हणालो आणि उठलो, आणि मग शाळेची तपासणी आली.

गेल्या बाजारी पारूवहिनी माझ्याकडं आल्या होत्या. ओसरीच्या खाली उभ्या, पदर डोक्यावर. चैत्र जवळ आलाय. देवस्थानच्या पंचांना अर्ज द्यायचा होता, की थोरले दीर परत येईपर्यंत यंदाचा मान घरातच ठेवावा. घरात आता वाजवणारं कुणी नाही. पाटील आबा दोन वर्षांपूर्वीच गेले, आणि नव्या पंचांचं बोलणं माझ्या कानावर आलं होतं. शेळगावला सुपारी पोचलीसुद्धा होती. मी दौत काढली, कागद काढला. माझ्या तोंडात आयतं आलं होतं, देऊ की अर्ज, बघतील पंच, होईल काहीतरी.

मी टाक खाली ठेवला. म्हणालो, “वहिनी, हा अर्ज मंजूर व्हायचा नाही. मान शेळगावला जाणार. ठरलंय ते.”

 रस्त्यानं बाजाराच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्याकडं त्या बघत राहिल्या. मग दोन पायऱ्या चढून वर आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

“बरं झालं सांगितलंसा,” त्या म्हणाल्या. “लिवा तरीबी.”

मी लिहिलं. सगळं लिहून झाल्यावर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मी शाईची डबी उघडायच्या आधीच त्यांनी अंगठा पुढं केलेला होता.